एकोणीस रस्ते, एका नावावर

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत देवेंद्र टोकेकर सव्वीस वर्षं नकाशे काढत होते. आधी ट्रेसिंग कागदावर शाईनं, आणि कचेरीत संगणक आल्यावर संगणकावर. घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि रागावले की दोन्ही. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणालाही उलट वाटेल, आणि खुद्द टोकेकरांना तर ते अजून उलटच वाटतं.

नाद त्यांना एकच, मोटारसायकलचा. रविवार उजाडला की हे गाडी पुसून तयार, आणि बायको उमा डबा भरता भरता म्हणायची, "लोक रविवारी घरी असतात म्हणे." २००४ साली परदेशातल्या मेहुण्यानं त्यांना मुठीत मावेल असं जीपीएसचं यंत्र आणून दिलं. हँडलला बांधायचं आणि निघायचं. गाडी जिथून जिथून जाईल तिथली रेघ यंत्र आपली आपण जपून ठेवी. संध्याकाळी घरी येऊन तार जोडली की ती रेघ संगणकावर उतरायची. ज्याची हयात रेघा ओढण्यात गेली, त्याला बसल्या जागी रेघ मिळाली. टोकेकर पार वेडावले.

पण रेघ उमटायला रस्ता माहीत असावा लागतो, आणि टोकेकरांची माहिती डांबर संपलं की संपायची. पुढचं सगळं भोजराजला ठाऊक. भोजराज कटंगीचा. डिझेल पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. मागच्या सीटला अवजारांची पेटी बांधून वीस वर्षं तो गावोगाव फिरला होता. कोणत्या शेताच्या बांधावरून गाडी निघते, कोणत्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, महाराष्ट्रात उतरता येतं, कुठं कुत्री अंगावर येतात, सगळं त्याच्या डोक्यात. एकदा आडवाटेला टोकेकरांची गाडी बंद पडली, ती यानं नीट करून दिली. तेव्हापासून दोघांची जोडी जमली. भोजराज पुढं, त्याचे 'बाबूजी' मागं.

दर दोन-चार मैलांवर भोजराज गाडी थांबवायचा आणि सांगायचा. टोकेकर यंत्रात खूण करायचे आणि तो काय म्हणाला ते वहीत टिपून घ्यायचे. "या आंब्यापासून डावीकडं लागजा, उजवा रस्ता बरा दिसते पन पुढं बंद हाय." "इथल्या हातपंपाचं पानी गोड हाय." कटंगीपलीकडच्या जंगलात एका नाल्यावर ठेंगणा पूल आहे, तिकडं त्याला रपटा म्हणतात. तिथं तर तो गाडीवरून खालीच उतरला. "बाबूजी, हे नीट लिहा. इथं आभाळ मोकळं असन तरी वर पाऊस झाला का अर्ध्या घंट्यात पानी येते. त्या पळसाच्या बुडाले पानी लागलं का मंग रपट्यावर पाय नाई टाकायचा."

टोकेकरांनी तेही लिहिलं. घरी आल्यावर ते कचेरीतल्या सवयीनं, कचेरीतल्याच जुन्या हिंदी फाँटात, हे सगळं त्या त्या खुणेखाली टाइप करायचे आणि सुरुवातीला लिहायचे, "भोजराज म्हणतो". तीन वर्षांत एकोणीस रस्ते झाले आणि टिपा झाल्या एकशे बेचाळीस.

२००७ साली घरचा संगणक बदलला, आणि जुनं नकाशाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना. नागपूरच्या एका मोटारसायकलवाल्यांच्या मंडळात यशोधन नावाचा इंजिनिअर होता. इंटरनेटवर टोकेकरांची त्याच्याशी ओळख झाली होती. त्यानं एक नवं सॉफ्टवेअर सुचवलं. ते खरोखर देखणं होतं. रस्ते रंगीत दिसत, खाली उपग्रहाचं चित्र, चढ-उताराचा आलेख वेगळा. सुरुवातीला त्यानं एकदाच विचारलं, हे रस्ते कोणाचे? टोकेकरांनी आपलं नाव लिहिलं. मशीन विचारतंय म्हटल्यावर माणूस आपलंच नाव लिहितो. ते नाव एकोणीसच्या एकोणीस रस्त्यांवर छापल्यासारखं उमटलं. तेवढ्यापुरतं त्यांच्या मनातही काही नव्हतं.

मग त्यांनी टिपा उघडल्या. त्या जुन्या फाँटात दर अक्षराच्या पोटात इंग्रजी अक्षर असायचं, आणि नव्या सॉफ्टवेअरला तो फाँट माहीत नव्हता. त्यामुळं 'पावसात' या शब्दाच्या जागी आय, के, ओ, एल, के, आर अशी रांग उभी राहिली. सगळ्या टिपांची हीच खिचडी. सुंदर हिरव्या जंगलावर जागोजागी हा कचरा सांडलेला. वही टाइप करून झाल्यावर रद्दीत गेली होती, पण जुना संगणक अजून माळ्यावर होता. तो काढून एकशे बेचाळीस टिपा पुन्हा लिहायच्या, म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम. टोकेकरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सगळ्या टिपा एकदम निवडल्या आणि पुसल्या. खरंच पुसायच्या का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. ते हो म्हणाले. नकाशा स्वच्छ झाला, आणि त्यांनी रस्ते नागपूरला पाठवून दिले.

डिसेंबरात नागपूरची अकरा जणं त्या रस्त्यांवरून फिरून बालाघाटला आली. वैनगंगेजवळच्या एका हॉटेलात जेवण होतं. टोकेकरांनी भोजराजलाही बोलावलं होतं. जेवणाआधी यशोधन उभा राहिला. "काकांनी एकट्यानं जे करून ठेवलंय ते सरकारी नकाशातसुद्धा नाही," असं म्हणाला. टाळ्या झाल्या. टोकेकरांच्या डोक्यावर मंडळाची टोपी चढली. टेबलाच्या टोकाला बसलेल्या भोजराजनंही टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून वाजवल्या. 'एकट्यानं नाही हो' एवढे तीन शब्द बोलायचे होते. टोकेकरांनी ते ओठापर्यंत आणले, आणि मग कोणीतरी वाटाण्याची उसळ पुढं केली, ती वाढून घेतली. आयत्या बिळावर नागोबा होणं किती सोपं असतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं. परतताना भोजराज म्हणाला, "बाबूजी, तुमचं मोठं नाव झालं, बरं वाटलं मले." टोकेकरांनी गाडीचा वेग वाढवला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात यशोधनचा फोन आला. मंडळातला राहुल, तिशीतला माणूस, टोकेकरांच्या रस्त्यानं एकटाच निघाला होता. कटंगीपलीकडच्या त्या रपट्यावर घोटाभर पाणी होतं आणि वर लख्ख ऊन. तो मधोमध पोचला तेव्हा पाण्याचा लोंढा आला. गाडी गेलीच. राहुलला गुराख्यांनी ओढून काढलं. डावा पाय दोन जागी मोडला होता, गुडघ्याचा चुरा झाला होता.

"काका, चिडून विचारत नाहीये," यशोधन म्हणाला, "पण त्या रपट्याचं काही लिहिलेलं नव्हतं. तो रस्ता तुम्ही स्वतः पाहिला होता ना?"

टोकेकरांना पळसाचं बूड, आभाळ मोकळं असन तरी, सगळं एका क्षणात आठवलं. आणि तोंडातून निघालं, "तो... तो भोजराजनं दाखवलेला रस्ता आहे. मी फक्त संगणकावर चढवला."

बोललेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. नऊ महिन्यांपूर्वी हेच वाक्य त्या जेवणात बोलले असते तर त्यांची मान ताठ राहिली असती. आज त्याच वाक्यानं त्यांनी हात झटकले होते. फोन ठेवून वळले तर दारात उमा उभी.

"कौतुक झालं तेव्हा रस्ता तुमचा होता," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. तिला कधी आवाज चढवावा लागला नाही.

टोकेकर कटंगीला गेले नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत पंधरा दिवस काढले. खाई त्याला खवखवे. कचेरीत कोणी जोरात हाक मारली तरी दचकायचे. तेवढ्यात यशोधनचा पुन्हा फोन आला. "तुमचे ते भोजराज अपघाताचं ऐकून इथं नागपूरला दवाखान्यात येऊन गेले. तुमसरवरून बस बदलत आले होते. राहुलच्या पायाशी हात जोडून बसले. नकाशात इशारा नव्हता म्हटल्यावर म्हणाले, माझी चूक झाली, मी सांगायला विसरलो असेन. आम्हालाच कसंतरी झालं, काका."

विसरलो असेन! जो माणूस गाडीवरून खाली उतरून सांगत होता, तो चाळीस कोसांवर जाऊन म्हणत होता की मी विसरलो असेन. त्याच्याजवळ ना वही होती ना संगणक. स्वतःच्या तोंडावर भरवसा ठेवण्यापेक्षा त्यानं बाबूजींच्या नकाशावर ठेवला. नकाशात नाही, म्हणजे मी बोललोच नसेन. टोकेकर त्या दिवशी जेवले नाहीत.

मग त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. सॉफ्टवेअर बदलताना जुन्या फाँटातल्या टिपा खराब झाल्या आणि त्यामुळं इशारा निघून गेला, भोजराजनं तो दिला होता, असं लिहिलं. उत्तरं भराभर आली. काका, मनाला लावून घेऊ नका. सॉफ्टवेअरचा दोष आहे, तुमचा नाही. राहुलनंही पडल्या पडल्या दोन ओळी पाठवल्या, यंत्राचा काय नेम. टोकेकरांनी ती उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. जितकी वाचली तितकं त्यांना स्वतःचं तोंड नकोसं झालं.

"हे भोजराजभाऊंना सांगितलंत का?" उमानं विचारलं. तेव्हा कुठं ते गाडी काढून निघाले.

भोजराज अंगणात पंप उघडून बसला होता. वाळलेला दिसत होता. खाट पुढं करून तो म्हणाला, "बसा बाबूजी. मी येनारच होतो, पन तोंड कोनतं दाखवू तुमाले?"

टोकेकरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "भोजराजभाऊ, तुम्ही विसरला नव्हता," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं."

भोजराजनं पाना खाली ठेवला. "सांगितलतं ना मी?" त्यानं हळूच विचारलं. "पळसाचं सांगितलतं?"

"पळसाचंही."

त्यानं डोळे मिटून घेतले. महिनाभर तो गावात कोणालाही रस्ता सांगत नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, दुसऱ्याले विचारा. हे टोकेकरांना त्याच्याच तोंडून आता कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. जुनं सॉफ्टवेअर, नवं सॉफ्टवेअर, फाँट, अक्षरांची खिचडी. भोजराज लक्ष देऊन ऐकत होता. संगणकाचं त्याला काही कळत नव्हतं, पण यंत्रं कळत होती.

"म्हंजे मशीननं आपोआप पुसलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि ती बाबूजींसाठीही होती.

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्या नागपूरनं ते मानलं होतं.

"नाही," टोकेकर म्हणाले. "मशीननं विचारलं होतं. मी पुसलं. नकाशावर वाईट दिसत होतं म्हणून."

भोजराज रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर टोकेकरांनी त्या पदरात घेतल्या असत्या. पण त्याला राग आला नव्हता, त्याला खरोखर कोडं पडलं होतं.

"पन बाबूजी, मले काहून नाई विचारलं? मी तं इथंच होतो. कोन्या जागी काय बोल्लो थे सारं पाठ हाय मले. दोन दिवस तुमच्या बाजूले बसून सांगितलं असतं, तुम्ही लिहून घेतलं असतं."

याचं उत्तर टोकेकरांना पक्कं माहीत होतं. त्याला शेजारी बसवून एकशे बेचाळीस टिपा लिहून घेतल्या असत्या, तर त्यावर एकट्याचं नाव ठेवताना हात धजावला नसता. आठ-दहा दिवसांच्या कामाचा कंटाळा हे निमित्त होतं. हे उत्तर त्यांनी घरून निघताना मनाशी तयार करून आणलं होतं. ते सांगायलाच तर आले होते.

"सुचलं नाही मला," ते म्हणाले.

"हौ, होते असं कधी कधी," भोजराज म्हणाला, आणि आत चहा सांगायला उठला.