शेजारच्या वहिनींचा एसी

शेजारच्या वहिनी दार अर्धंच उघडून बोलायच्या. काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, "असू दे हो."

त्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र माझ्या खिडकीलगत होतं. होळीपासून ते पत्रा घासल्यासारखं करकरत होतं. "वहिनी, आतला पंखा घासतोय. असाच चालवलात तर बंद पडेल," मी बजावलं. शेवटी वैतागून मीच मेकॅनिक पाठवला, तर त्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं.

मे महिन्यात एका दुपारी यंत्र खडखडलं आणि थांबलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाका ऐकू आल्या, "आये गो... आये, मला ने गो..." त्यांचे अंथरुणाला खिळलेले सासरे आपल्या मेलेल्या आईला बोलावत होते. थांबेचनात.

मी धावत गेलो. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही कान तळव्यांनी दाबून.

"पाणी दिलं, कूस बदलली, औषध दिलं," त्या म्हणाल्या. "दिवसभर असंच चालतं. एसीच्या आवाजात जरा कमी ऐकू यायचं."

मी घरी आलो आणि त्या उकाड्यात खिडकी लावून घेतली. हाका तरीही येतच होत्या.