पंखा नसलेला कॉम्प्युटर

सरकीचा वास आला की आठवतं, तेलगावच्या कापसाच्या जिनिंगात, कामाच्या जागीच, आमी नवरा-बायकोनं शेवटची भाकर सोबत खाल्ली ती. समोर मशिनी चालवणारा कॉम्प्युटर होता, नुसता लोखंडी ठोकळा. मिस्त्री म्हणाला, "मामी, हापिसातल्या कॉम्प्युटरचा पंखा कापसाची धूळ आत ओढतो, मग तो बंद पडतो. ह्याला पंखाच न्हाई, सगळीकडून बंद. कितीबी धुळीत चालतोय." बायको खोकत खोकत हसली, "लई नशिबाचा हाय! अवं, तुमच्यापरीस बरा, कुरकुर तरी न्हाई." माझा जळफळाट झाला. वीस वर्षं हितं राबताना तीच धूळ हिच्या छातीत गेली, अन् कौतुक त्या ठोकळ्याचं! त्याच सांजेला तिचा दम कोंडला अन् ती गेली. माती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगात गेलो, दोन्ही हातांनी त्याच्यावर धूळ टाकली अन् म्हणलं, "खोक बे एकदा." तो चालूच राहिला.