शांताबाईच्या फ्रीजमधली बाटली

नवागामच्या यंत्रमाग वस्तीतली गटारं, हवेतली रुई, ताटावरच्या माश्या, सगळं पुष्पाबाईने गिळलं होतं. धुळ्याकडून आलेली ही बाई साड्यांचे लोंबते धागे कापून दिवस काढायची. पण 'ताकदीचं इंजेक्शन' टोचणाऱ्या डॉक्टरांची तिला शिसारी यायची. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, नूतनला, सात वेळा न्यूमोनिया झाला आणि दर वेळी तेच टोचून घरी पाठवलं. एका भगताने तर तापल्या सुईने तिच्या पोटावर डाग दिले. लेकराची कातडी जाळायची आणि वर नारळ मागायचा, थू असल्या विद्येवर!

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोरीच्या अंगात पुरेशी तयारच होत नव्हती. ती दर महिन्याला शिरेतून द्यायची होती. शनिवारी एका ट्रस्टकडून त्यांची बाटली मिळायची, सोमवारी चढवायची. तोवर ती गार ठेवायची, ऊन लागलं की कामातून गेली. तीन बाटल्यांनंतर नूतन गल्लीत पळायला लागली.

गल्लीत फ्रीज एकच, शांताबाईचा. गेल्या साली तिच्या लेकाचा, लक्ष्मणचा हात लूममध्ये सापडला, तेव्हा सगळी गल्ली दवाखान्यात धावली होती. त्यामुळे बाटली ठेवायला ती नाही म्हणाली नव्हती.

चौथ्या बाटलीच्या वेळी नळावर कुणीतरी विचारलं, हे औषध असतं तरी कशाचं? पुष्पाबाईने भोळेपणाने खरं ते सांगितलं. "लोकेस्नी रगत दिधं, त्यामाईन काढेल शे."

सोमवारी सकाळी ती बाटली न्यायला गेली. बाटली दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, भर उन्हात पडली होती. हातात घेतली तर चांगली तापलेली.

"श्रावण शे, पुष्पा," शांताबाई नाकाला पदर लावून म्हणाली. "फ्रीजमा देवनं दही शे. माणूसनं रगत तठे कसं ठेवू?"

इतकी घाण पुष्पाबाईने गटारातही पाहिली नव्हती. महिनाभराचं पोरीचं बळ हिने चपलांत ठेवलं, आणि नाकाला पदर मात्र हीच लावते!

"गये साल तुन्हा लक्ष्मणले रगत चढनं, ते कोनं व्हतं?" ती म्हणाली. "मन्हं व्हतं. जाय, ते बी काढीसन चपलास्मा ठेव."

शांताबाईचा पदर नाकावरून खाली आला. मागे लक्ष्मण दाराशी येऊन उभा राहिला होता आणि आपल्या हाताकडे बघत होता.

बाटली कचऱ्यात गेली. आठवड्याने नूतन पुन्हा खोकायला लागली.