मागचा डावा स्पीकर

"स्पीकर व्यवस्थित असणार. बिघडलाय तो तुमचा डावा कान," वाशीच्या कानाच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मला आधी हसूच आलं. जवळजवळ आठवडाभर मी स्पीकरच्या मागे लागलो होतो.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे आतल्या कानाची किंवा त्याच्या नसेची ऐकण्याची शक्ती अचानक जाणं. कारण बहुतेकदा सापडत नाही.

"इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

मला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड आहे. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं, त्यात ऑर्गन, बासरी, मधेच शांतता. कॉलेजात कॅसेटवर ऐकलेले ते अल्बम आता सराउंड साउंडमध्ये पुन्हा निघतात. मूळ टेपा काढून एकेक वाद्य वेगळं करतात आणि ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंच्या स्पीकरांत वाटून देतात. ऐरोलीच्या आमच्या हॉलमध्ये मी असे पाच स्पीकर लावलेत. माझी बायको वंदना त्याला 'तुमचं देवघर' म्हणते.

त्या रविवारी मी एकटाच नवी डिस्क ऐकत होतो. एका गाण्याआधी माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी श्वास घेतला. अगदी जवळ. कॅसेटवर तो कधीच ऐकू आला नव्हता, आणि गायक जाऊन तर बरीच वर्षं झालीत. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तो कोपरा मुका झाला आणि तिथून नुसता घूंऽऽ असा आवाज यायला लागला.

मी वायरी बदलल्या. स्पीकरची अदलाबदल केली. वैतागून मेन स्विचच बंद केला. घूं चालूच.

"कसली घूं? मला काही ऐकू येत नाही," वंदना म्हणाली. मग म्हणाली, "अहो, जरा तोंड फिरवून बसा बघू."

स्विच चालू करून मी स्पीकर तपासायचा खरखराट लावला आणि खुर्ची उलटी केली. मागचा डावा स्पीकर आता उजवीकडून छान ऐकू येत होता. मुका कोपरा माझ्याबरोबर फिरला होता. मी घाबरलो.

ऑडिओमेट्री म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. काचेपलीकडून वंदना माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मग गाठ नाही ना हे बघायला एमआरआय. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यांनी वाढलेली शुगर, आणि शेवटी कानाच्या पडद्यातून इंजेक्शन. ते दिल्यावर बोलायचं नाही, गिळायचंही नाही, तसंच कुशीवर पडून राहायचं.

एकदा डॉक्टरांना विचारलं, "कान जायच्या आधी नसलेले आवाज ऐकू येतात का?"

"येऊ शकतात. ही घूं, म्हणजे टिनिटस, त्यातलीच. टेन्शन घेऊ नका."

मी घेतलं. दोन्ही कान शाबूत असताना मी ऐकलेली शेवटची गोष्टच खोटी होती की काय? घरी डिस्क होती, उजवा कान होता, खुर्ची फिरवायचा अवकाश. पण धीर होईना. त्या श्वासाबद्दल वंदनालाही सांगितलं नाही.

डावा कान थोडाफार परत आला. "आता यापुढे फार आशा धरू नका," डॉक्टर म्हणाल्या. म्हणून मी सांगतो, तुमचा एक कान असा अचानक मुका झाला, तर वायरी तपासत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उशीर झाला की औषधं कमी पडतात.

"देवघर किती दिवस बंद ठेवणार?" म्हणत शेवटी वंदनानेच ती डिस्क लावली. मी खुर्ची उलटी करून बसलो, ती सोफ्यावर, माझ्या समोर. मागचा डावा स्पीकर तिच्या पाठीशी. गाणं जवळ आलं.

मला श्वास ऐकू आला. पण मला घूंही ऐकू येते. माझ्या ऐकण्यावर माझाच भरवसा उरला नव्हता.

वंदना चटकन मागे वळली. "कोण आलं हो?"

मला रडू फुटलं. ती घाबरून डिस्क बंद करायला उठली. मी म्हटलं, राहू दे, पुन्हा पहिल्यापासून लाव.