नडगीवरचा खड्डा

सिस्टरनी तात्यांच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर तिथे खड्डा राहिला.

"आमच्या गावात एवढ्याला विहीर म्हणतात," मी म्हणालो. तात्या, माझे थोरले बंधू, खाटेवर गदगदून हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"मीठ बंद केलं म्हणता, तात्या, म्हणजे काय केलं, सांगा बघू."

"वरून चिमूटभर घेत नाही, बाई. भाकरीला खारातली मिरची तेवढी."

"तात्या, हृदय थकलंय तुमचं. मिरचीतलं मीठही त्यालाच ओढावं लागतं."

आपल्याकडे मीठ म्हणजे बरणीतलं. मिरचीत मुरलं की त्याचं नाव कोणी घेत नाही. जन्मभर मी राईचे पर्वत केले. आज पर्वताची राई करावीशी वाटली, पण जमेना. तात्या विहिरीवर अजून हसत होते आणि खड्डा भरून येत नव्हता.