सीटवरचं मेंढीचं कातडं

लांबच्या राइडला बूड दुखतं म्हणून मी बाइकच्या सीटवर मेंढीचं कातडं बसवलं आणि इथं फोटो टाकून मिरवलंही.

आज सकाळी दुधनीच्या वाटेवर मेंढरं आडवी आली, म्हणून थांबलो. एक मेंढी येऊन सीट हुंगायला लागली. हटेचना.

मेंढरं राखणाऱ्या मावशी म्हणाल्या, "परवा हिचं कोकरू मेलं. आमी मेलेल्याचं कातडं पोरक्या कोकरावर घालतो. मग मेंढी त्यालाच आपलं समजून पाजती. तुमी गाडीवर घातलंय की!"

मी गाडी दामटली. आरशात बघितलं, तर ती मेंढी ओरडत मागं पळत येत होती.

घरी येऊन कव्हर काढलं. पण आरशात बघवत नाही.

खरं सांगा, तुम्ही तिच्यासाठी थांबला असता का?