पहिल्या स्टेजचं गाणं

"माझा हात धरायचा न्हाय आन् माझ्याशी ओरडून बोलायचं न्हाय. आंधळा झालोय, बहिरा न्हाय." मी उंबऱ्यातनं आत आले न आले तोच अण्णानं मला गप्प केलं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. उमरग्यात हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे. साखरेनं त्याची नजर हळूहळू नेली आणि गेल्या दिवाळीनंतर उरलीसुरलीही गेली. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून गावातला जो तो त्याच्याशी वरच्या पट्टीत बोलतो, डोळ्यांबरोबर त्याचे कानही गेल्यासारखं. दुकान कामावरची माणसं कसंबसं रेटतात. अण्णा पलंगावर पडून. दुकानाचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करायचा. दाराशी पडलेल्या त्याच्या चपला वहिनींना बघवेनात, म्हणून त्यांनी उचलून कपाटावर टाकल्या होत्या. मला फोनवर म्हणाल्या, "वन्सं, तुमचंच ऐकतेत ते. या की चार दिवस."

ऐकतेत कसलं! पण धाराशिवहून निघताना मी लॅपटॉप पिशवीत घातला होता, आणि बाजारातनं एक वायरचा गेम-रिमोटही घेतला होता.

लहानपणी आमच्याकडं टीव्हीला जोडायचा गेम होता. पिवळी कॅसेट. ती चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, आणि फुंकर मारायचा मान अण्णाचा. नियम एकच, गडी मेला की रिमोट दुसऱ्याला द्यायचा. आता अण्णाचा गडी मरेल तर ना! मी शेजारी बसून बसून म्हातारी व्हायची. तेव्हा तो बढाई मारायचा, "ही पहिली स्टेज मी डोळं मिटून काढीन." मला ते वाक्य आठवलं आणि डोक्यात किडा वळवळला.

"डोळ्याच्या खेळाला मला बोलावतीस व्हय गं? बरी थट्टा लावलीस," मी गेमचा विषय काढताच अण्णा म्हणाला.

"तू नुसता रिमोट धर. बाकीचं माझ्यावर सोड."

सोडलं खरं, पण माझा घाम निघाला. एम्युलेटर म्हणजे आपल्या कॉम्प्युटरला त्या जुन्या गेमच्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. सोंग वठेना. आधी स्क्रीन काळीठिक्कर. मग चित्र आलं तर रिमोट मुका. रिमोट बोलायला लागला तर डावं बटण दाबलं की गडी उजवीकडं पळायचा. मी त्या लॅपटॉपच्या सात पिढ्या उद्धरल्या. वहिनींनी न मागता चहा आणून ठेवला आणि गुपचूप निघून गेल्या.

शेवटी पहिल्या स्टेजचं गाणं वाजलं. अण्णाची मान वळली. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हे न्हाय ते."

"तेच हाय अण्णा, बघ की..." म्हणता म्हणता मी जीभ चावली.

"गाणं पळतंय. आपलं असं पळत नव्हतं."

माझं डोस्कंच फिरलं. इतक्या वर्षांनी ह्याला गाण्याची चाल आठवतीय म्हणे! भांडायच्या तयारीनंच मी नेटवर शोधत बसले, आणि वाचता वाचता गार पडले. आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचे, जपान-अमेरिकेचे साठ. आमचा डबा पन्नासवाला होता, म्हणून त्यावर गडीही सावकाश पळायचा आणि गाणंही सावकाश वाजायचं. कॉम्प्युटर मात्र खेळ जपानी चालीनं पळवत होता. सेटिंगमध्ये साठचं पन्नास केलं. गाणं दमानं चालायला लागलं.

"हां," अण्णा म्हणाला. "हे आपलं."

मी मान वर केली. उठून बसला होता तो.

पण गडी पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. पडतच राहिला. मी बाजूनं "उडी! आत्ता उडी!" करत होते, त्यामुळं तो आणखीच चिडला. रिमोट गादीवर टाकून दिला. "बास. उचल ते सगळं." आणि पुन्हा भिंतीकडं तोंड. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होती तेवढी उमेदही मीच घालवली, असं वाटलं. वायर गुंडाळायला घेतली तेव्हा तो भिंतीशीच बोलल्यासारखा पुटपुटला, "बटण मी दाबतोय, आन् उडीचा आवाज मागनं येतोय."

मी रिमोट उचलून दाबून बघितलं. पडद्यावर उडी दाबल्याबरोबर पडत होती. आवाज मात्र खरंच एक क्षण मागं. मला दिसत होतं म्हणून ते कधी कळलंच नसतं.

आवाज येत होता तो वहिनींच्या भजनाच्या मोठ्या स्पीकरमधनं. बिनवायरचा. अण्णाला नीट ऐकू यावं म्हणून तो मीच हौसेनं जोडला होता. म्हणजे सगळ्या गावासारखी मीही त्याच्याशी ओरडूनच बोलत होते की! आणि त्या बिनवायरच्या वाटेनं आवाज रेंगाळत येत होता. स्पीकर बंद केला, लॅपटॉपचाच बारका आवाज ठेवला. सेटिंगमध्ये आवाज मागं राहण्याचा वेळ कमी करत गेले. तडतड व्हायला लागली तशी एक पायरी मागं आले.

"धर," मी म्हणलं. "आता मी गप्प बसते."

आणि देवाशपथ सांगते, मी तसलं काही आजवर बघितलं नाही. अण्णाचं डोकं खाली, अंगठे वर. गाण्याच्या एका ठेक्याला उडी, गडी खड्ड्यापार. डोक्यावरच्या विटेला ठोका बसला तो ऐकून अर्धं पाऊल मागं. नाणं खणकलं की "हां." मग थांबला, गाण्याचा तुकडा जाऊ दिला, आणि लांब उडी. गल्लीबोळ पाठ असल्यासारखा तो त्या स्टेजमधनं चालला होता, आणि मला दोन डोळे असून पुढं काय येणार ते आठवत नव्हतं. स्टेज जिंकल्याचं गाणं वाजलं तेव्हा मी मागं वळले. वहिनी पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या स्टेजला गडी लगेच मेला. अण्णानं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. मेला की दुसऱ्याला द्यायचा. आन् डोळं मिट."

मी मिटले. गाणं सुरू झालं. अंधारात मला सगळे आवाज एकदम यायला लागले, कुठला कशाचा ते उमजेना. दोन पावलं टाकली असतील नसतील, गडी खलास.

अण्णा हसला. पोटातनं, पलंग हलेस्तोवर हसला. "एवढ्यात? अगं, ऐक की जरा!"

मग त्यानं बाहेर कान लावला. हायवेवरनं ट्रक जात होते. तो म्हणाला, "टायरवर पाना मारला की आवाजावरनं हवा कळायची मला. कुठं कमी, कुठं जास्त. त्याला डोळं कधी लागलेत?" आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "माझ्या चपला कुठं ठेवल्यास गं?"

वहिनी पिठाच्याच हातानं स्टूल आणायला धावल्या.